गंदुमी, गव्हाळ, व्हीटिश

अमरावती-अकोल्याकडे लग्नाच्या मुलीचा बायोडाटा आता बहुधा इंग्रजीत छापतात. घरात उर्दू आणि बाहेर वऱ्हाडी बोलणारी माणसेही रंगाच्या रकान्यात ‘व्हीटिश’ लिहितात. आमच्या उर्दू शाळांतील मुले ‘माय मदर’ या निबंधातही तोच शब्द घालतात. खुद्द इंग्लंडचा माणूस मात्र कुणाच्या रंगाला असे म्हणत नाही. मग हा शब्द आला कुठून?

आम्हाला त्याची वाट मोगली फौजेच्या दफ्तरातून आलेली दिसते. मनसबदार भाड्याची माणसे उभी करून हजेरी भरत. त्यांना आळा घालण्यासाठी अकबराच्या कारभारात घोड्याला ‘दाग’ आणि स्वाराचा ‘चेहरा’ ही पद्धत बसली. चेहरा म्हणजे फार्सीत लिहिलेला हुलिया: नाव, बापाचे नाव, वतन, मग रंग गंदुमी, कपाळ रुंद, भुवया सुट्या, डोळे मेंढीसारखे, शिवाय तीळ, देवीचे व्रण, तलवारीचा वार. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे आले आणि शहजादा मुरादने बाळापूरजवळ शाहपूरला तळ दिला. दख्खनमधल्या मोगली फौजेचे असे ‘अर्ज-ओ-चेहरा’ कागद हैदराबादच्या दफ्तरखान्यात जपलेले आहेत. मराठीतली ‘चेहरेपट्टी’ याच घराण्यातली.

त्या कागदात गंदुमी हा गुणही नव्हता आणि दोषही नव्हता. ती फक्त ओळख होती. मेंढीच्या डोळ्यांचा म्हणून कुणा स्वाराचा पगार कापला जात नसे.

(आमच्या काळ्या जमिनीत पिकते ज्वारी आणि कापूस. तरी ज्वारीच्या रंगाची मुलगी कुणी म्हणत नाही!)

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. हळूहळू अर्ज-दाखले इंग्रजीत आले, आणि गंदुमीचे ‘व्हीटिश’ झाले. लग्नाच्या जाहिरातीत शिरल्यावर त्याचा अर्थ फिरला. तिथे तो ‘फेअर’च्या खालची पायरी आहे. सावळ्या मुलीचे आईबाप एक पायरी वर चढवून तो लिहितात, आणि बघायला आलेले लोक एक पायरी खाली उतरवून तो वाचतात. मधल्या मध्ये मुलगी नाकारली जाते. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ काढला, शादी डॉट कॉमने रंगाची चाळणी काढली. छापील बायोडाट्यातला रकाना मात्र राहिला.

इमाम तिरमिझींच्या ‘शमाइल’मध्ये हुजूरांचा हुलिया आहे. त्यात रंग आहे, तसेच केस, चाल, हसणे, बोलण्याची रीतही आहे. ती किताब अदबीने ताकात ठेवणाऱ्या घरांतूनही बायोडाटा येतो. त्यात रंग असतो उंचीच्या खाली आणि शिक्षणाच्या वर.