चार एक्क्यांचं दारिद्र्य

तीन पत्तीत ज्याच्या हाती तीन एक्के, त्याच्यापुढे कुबेरानंही पानं टाकावीत, असा आमच्याकडचा शास्त्रार्थ. पण चार एक्के हाती येऊनही माणूस भिकारी राहू शकतो, हे ‘ओमाहा’ पोकरनं सिद्ध केलं आणि माझा शास्त्रांवरचा विश्वासच उडाला.

१९८० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट टर्नर नावाच्या खेळाडूनं हा खेळ लास व्हेगासच्या ‘गोल्डन नगेट’ कसिनोतल्या बिल बॉइडना दाखवला. त्याआधी जोर ‘होल्डेम’चा. हातात दोन पानं, मेजावर पाच सामाईक. दोन पानांचे हात निघतात १,३२६. ओमाहात पानं चार. हात झाले २,७०,७२५! पदार्थ वाढले की गिऱ्हाईक जास्त खातं, हे खानावळवाल्याला कळतं, ते कसिनोवाल्याला कळणार नाही होय?

अट मात्र खाष्ट सासूसारखी. हातातली दोनच पानं वापरायची, मेजावरची तीन. म्हणजे चारांतले दोन एक्के नुसते बसून खाणार. आणि मेजावर एक्का येणार कुठून? त्यापेक्षा इस्पिकचे एक्का-राजा नि बदामचे एक्का-राजा असा हात भारी. चारही पानं एकमेकांच्या उपयोगी पडतात.

चार पानांत जोड्या सहा, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या हातात काहीतरी दिसतंच. तिथंच खिसा रिकामा होतो. भिकार पानं माणूस निमूट टाकतो. बुडवतात ती बरी दिसणारी. तीन पानं गोडीगुलाबीनं नांदताहेत आणि चौथं फटकून आहे, असं दिसलं की हात टाकावा. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही!