वाकळीतले आभाळ

आजीची वाकळ माझ्या वाट्याला आली. मी इतिहास शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर आहे. पण ती वाकळ मला वाचता आली नाही. कोणते ठिगळ कोणत्या सालातले, हे सांगणारी आजी गेली होती.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्याच देशात, जॉर्जिया राज्यात, १८३७ साली हॅरिएट पॉवर्स गुलामगिरीत जन्मली. दास्य संपल्यानंतर तिने शिवलेल्या दोन वाकळी आज उरल्या आहेत. पहिली तिने १८९१ साली, ओढगस्तीपायी, एका गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेला पाच डॉलरला विकली. दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तिच्या पंधरा चौकटींपैकी बहुतेक बायबलमधल्या. काहींत मात्र आभाळ आहे. १७८० सालचा भरदिवसा काळोख झालेला दिवस, १८३३ सालची उल्कावर्षावाची रात्र आणि फेब्रुवारी १८९५ मधली जीवघेणी थंडी. पहिल्या दोन घटना तिच्या जन्माआधीच्या. म्हणजे हा इतिहास तोंडातून कानात आणि कानातून कापडावर आला. त्या चौकटींचा अर्थ आज लागतो, कारण तिने सांगितलेला खुलासा कोणीतरी लिहून ठेवला.

आपल्या आयाबायांचा खुलासा कोणी लिहून ठेवला?

म्हणून यंदा उन्हाळ्यात मी आईजवळ बसून १९७२ च्या दुष्काळाचे एक लहानसे दुपटे शिवायला घेतले. त्या साली आई दहा वर्षांची होती. आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. मी शहाणपणाने पिवळ्या कापडाचा भलामोठा सूर्य कापला. आई म्हणाली, "सूर्य कशाला रं? मान वर करून बघायला येळ कुणाला होता? खडी लाव."

मी करड्या चिंध्या लावल्या. मग तिने लाल तुकडा मागितला: परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीसाठी. शेवटी एका कोपऱ्यात निळी चिंधी धरली आणि तिच्यापासून चार बोटे लांब एक घागर टाचायला सांगितली. "ही हिर. आन् ह्या आपुन. वरनं कुणी वतंल तवा पानी."

पाऊस सगळ्या गावावर रुसला होता. तहान मात्र जातीने वाटून दिली होती. दुष्काळाच्या सरकारी अहवालांत खडीची ब्रासे आणि मजुरांच्या संख्या सापडतात. ती चार बोटांची जागा सापडत नाही. मी पुस्तकांतून शिकलेला दुष्काळ सूर्याचा होता, आईचा विहिरीचा.

दुपटे दीड हाताचे झाले. टाके वाकडे आहेत. मागच्या बाजूस, आईने सांगितले तसे, तिच्याच शब्दांत, मी प्रत्येक तुकड्याचा अर्थ कापडावर लिहून शिवला आहे.

आपल्या घरातल्या वाकळी फाटण्याआधी त्या शिवणाऱ्या बायांजवळ बसले पाहिजे. वही घेऊन बसावे, आणि आपला सूर्य घरी ठेवून जावे.