मुठीचें कवच

पुण्याहून पंढरपूरला जाणारी जुनी वाट फलटण मागें टाकून धर्मपुरीपाशीं सोलापूर जिल्ह्यांत शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशीं गांवें घेत भीमेच्या कांठीं पोंचते. ही वाट मुळांत पायांची. आषाढांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी हिच्यावरूनच जाते व माळशिरसास एक रात्र मुक्काम करते. अलीकडे मात्र या वाटेवर निराळ्या प्रकारचे वारकरी दिसूं लागले आहेत. ते सायकलीवर बसून पंढरीस निघतात. डोक्यावर शिरस्त्राण, पाठीला पाण्याची पिशवी आणि हातांत अर्ध्या बोटांचे मोजे, असा त्यांचा वेष असतो. रस्त्याकडेच्या हॉटेलांत चहा घेत बसलेला गृहस्थ त्यांच्या शिरस्त्राणाला हसत नाहीं. पडल्यावर डोकें फुटतें, हें त्याला ठाऊक आहे. पण हातांकडे पाहून तो विचारल्याशिवाय राहत नाहीं : "एवढ्या उन्हांत हातांत मोजे कशाला हो, पाव्हणं?"

प्रश्न साधा आहे. त्यांत थोडी थट्टा आहे, आणि हातमोजा हा शौकाचा जिन्नस आहे अशी एक समजूतही आहे. ती समजूत कितपत खरी, हें पाहावयाचें तर थोडें मागें जावें लागेल.

प्रथम शब्दाकडे पाहूं. मोजा हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. त्या भाषेंत त्याचा मूळ अर्थ पायांत घालावयाचा लांब जोडा. आपण त्याचा पायमोजा केला आणि पुढें त्याच शब्दाला हात जोडून हातमोजा बनविला. जर्मन लोकही हातमोज्यास 'हाताचा जोडा' असेंच म्हणतात. मराठींत दुसराही एक शब्द आहे, दस्ताना. तोही फारसीच, दस्त म्हणजे हात. हे शब्द परके असल्यामुळें वस्तुही परकी असावी, असा तर्क कोणी करील. तो बरोबर नाहीं.

धनुर्विद्येचें उदाहरण घ्या. बाण सुटतांच प्रत्यंचा धनुर्धराच्या डाव्या हाताच्या आंतल्या अंगावर सपकन् आपटते, आणि ओढणाऱ्या बोटांना तर ती प्रत्येक वेळीं काचते. दिवसभर युद्ध करणाऱ्याला हे फटके सोसणें शक्य नव्हतें. म्हणून डाव्या हाताला चामड्याचें आवरण व बोटांना अंगुलित्र बांधण्याची चाल पडली. महाभारतांत योद्ध्यांच्या वर्णनांत हीं साधनें वारंवार येतात. हाताच्या त्या आवरणाला गोधा असें नांव आहे. गोधा म्हणजे घोरपड, तिच्या चिवट कातड्यावरून तें पडलेलें दिसतें. अमरकोशानें या साधनाचा अर्थ एकाच समासांत सांगितला आहे : ज्याघातवारण, म्हणजे दोरीचा आघात वारणारें. हातमोज्याची याहून नेमकी व्याख्या करतां येणार नाहीं. ज्या ठिकाणीं आघात होतो, त्या ठिकाणीं आवरण घालावयाचें. बाकीचा हात मोकळा ठेवावयाचा.

मध्ययुगाकडे येतांना माळशिरस तालुका सोडण्याचें कारण नाहीं. याच तालुक्यांत नीरेच्या कांठीं अकलूज आहे. १६८९ च्या आरंभीं औरंगजेबाची छावणी तेथें पडली होती आणि संभाजीमहाराज पकडले गेल्याची वार्ता त्याला तेथेंच मिळाली. त्या काळच्या मोगल सरदाराचा दस्ताना पोलादी असे. कोपरापासून मनगटापर्यंत तो हातावर बसे आणि पुढें पंजावर कड्यांची जाळी किंवा रुईदार कापड येई. शिकारीच्या वेळीं त्याच सरदाराच्या मुठीवर ससाणा बसे, तेव्हां नखें रुतूं नयेत म्हणून चामड्याचा मोजा लागे. काम बदललें कीं मोजा बदलला.

मराठ्यांनीं तर शस्त्र आणि हातमोजा एकाच वस्तूंत जोडून टाकले. आपला दांडपट्टा, ज्याला महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं राज्यशस्त्राचा मान दिला, तो पाहावा. लांब लवचिक पात्याच्या मुळाशीं लोखंडी खोबळा असतो. हात कोपराच्या अलीकडेपर्यंत त्यांत जातो आणि आंत आडव्या बसविलेल्या दांडीवर मूठ वळते. ही आडवी मूठ लक्षांत ठेवावी, कारण सायकलीच्या दांड्यावर हात ठेवणारा मनुष्य अशीच मूठ वळतो. लोखंडाच्या आंत हात सोलवटूं नये म्हणून खोबळ्याला आंतून मऊ अस्तर लावीत. ढालीच्याही मागच्या अंगाला, जेथें बोटांचे पेर टेकतात तेथें, एक लहानशी गादी शिवलेली असते. वार ढालीवर पडला कीं त्याचा धक्का त्या गादींत विरतो. पट्टा फिरविणारे व ढाल पेलणारे हे लोक नाजूक होते, असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. राकट हातांनाही गादी लागते, हें त्यांना अनुभवानें कळलें होतें.

आतां सायकलीकडे वळूं. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल फॉन ड्राइसनें दोन चाकांची लांकडी धांवगाडी केली. ती पायानें जमीन रेटून चालवावी लागे. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसला पुढच्या चाकाला पायटे लागले. त्या गाडीचीं चाकें लांकडी आणि त्यांवर धाव लोखंडी. दगडी फरसबंदीवरून ती चालली कीं बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत, आणि इंग्रजांनीं तिला नांवही त्याच अर्थाचें ठेवलें. १८८५ सालीं जॉन स्टार्लीनें सारख्या चाकांची व मागच्या चाकाला सांखळी असलेली 'रोव्हर' बाजारांत आणली. आजची सायकल तिचीच वंशज. पुढें १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं हवेचा टायर तयार केला. एका अर्थी हा टायर म्हणजे चाकालाच घातलेला गादीचा मोजा होय. रस्त्याचा धक्का प्रथम त्यानें झेलावा, उरलेला सांगाड्यानें घ्यावा, आणि शेवटीं जो उरेल तो स्वाराच्या तळहातांत व बैठकींत यावा, अशी ही वाटणी झाली.

योगायोग असा, कीं त्याच १८८८ सालीं बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्करांचें सायकलचें दुकान निघालें. लक्ष्मणराव त्या वेळीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेंत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगांवीं त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत व गिऱ्हाइकांना चालवावयास शिकवीत. आज ज्या उद्योगाचें नांव जगभर आहे, त्याचा आरंभ असा दोन चाकांवर झाला. मराठी मुलुखांत सायकल प्रथम श्रीमंतांची हौस म्हणून आली खरी, पण फार दिवस तशी राहिली नाहीं. पुढच्या अर्धशतकांत ती कारकुनाची, विद्यार्थ्याची, दूधवाल्याची व टपालवाल्याची झाली, आणि पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच प्रसिद्धीस आलें.

मग या एवढ्या सायकलस्वारांत हातमोजा कां रुजला नाहीं? मला याचीं तीन कारणें दिसतात. आपली सायकल उभ्या बैठकीची. तिचा दांडा उंच व मागें वळलेला. स्वाराचा भार बहुतेक बैठकीवर पडे आणि हात नुसते दिशा देण्यापुरते टेकत. दुसरें असें, कीं अंतरें लहान होतीं. घर ते कचेरी, गोठा ते गिऱ्हाईक, एवढ्यांत हात बधिर होण्याइतका वेळच जात नसे. आणि तिसरें कारण मनाचें. ज्यानें हातमोजे पाहिले त्यानें ते बहुधा साहेबाच्या हातांत पाहिले. त्यामुळें वस्तूला थाटाचा वास लागला. पहिलीं दोन कारणें सबळ होतीं. तिसरें मात्र पहिलीं दोन नाहींशीं झाल्यावरही मागें उरलें आहे.

लांब पल्ल्याची सायकल आपल्याकडे अगदींच नवी आहे असेंही नाहीं. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर तोडून १९२८ च्या मार्चमध्यें परत आले. पण अशी साहसें मोजकींच. आज माळशिरसावरून जाणारा नोकरदार किंवा विद्यार्थी कांहीं साहसवीर नव्हे. तरी पुण्यापासून पंढरपुरापर्यंतचे दोनशेंहून अधिक किलोमीटर तो एकदोन दिवसांत कापतो. त्याच्या सायकलीचा दांडाही सरळ किंवा खालीं वळलेला असतो. धड पुढें झुकतें, आणि जो भार पूर्वी बैठकीवर होता त्याचा मोठा वांटा तळहातांवर येतो.

त्या भाराचें काय होतें, हें वैद्यकानें केव्हांच सांगून ठेवलें आहे. करंगळीच्या बाजूनें तळहाताच्या मुळाशीं दोन लहान हाडांच्या मधून एक अरुंद वाट जाते. फेलिक्स ग्युयाँ या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८६१ सालीं तिचें वर्णन केलें. करंगळी व अनामिका यांना संवेदना देणारी आणि पंजाच्या बारीक स्नायूंना चालविणारी मज्जातंतूची शाखा याच वाटेनें जाते. सायकलीचा दांडा नेमका तेथें दाबतो. १८९६ सालीं, म्हणजे हवेच्या टायरला आठ वर्षें झालीं असतां, लिऑंच्या एतियेन देस्तो या वैद्यानें सायकलीमुळें या मज्जातंतूला येणाऱ्या लुळेपणाची हकीकत प्रसिद्ध केली. आरंभीं करंगळीला मुंग्या येतात. मग ती बधिर होते. दाब तसाच चालू राहिला तर कधीं बोटांतली ताकद जाते, बटण लावतां येत नाहीं, पेन नीट धरतां येत नाहीं. बहुधा विश्रांतीनें हें बरें होतें, पण त्याला कांहीं आठवडे किंवा महिनेही लागतात. हातावर पोट असणाऱ्याला हे महिने परवडणारे नाहींत.

यावर हातमोजा काय करतो? तळहातावर पातळ गादी ठेवून तो दाब मोठ्या जागेवर पसरवितो आणि रस्त्याची थरथर कांहीं अंशीं शोषतो. घाम टिपतो, त्यामुळें मूठ सुटत नाहीं. थेंबथेंब घाम गाळणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यांत याचें महत्त्व मोठें. पडतांना मनुष्य स्वभावतःच हात पुढें टाकतो, तेव्हां खडीवर तळहाताची साल निघते ती तेवढी वांचते. जुने शर्यतींतले स्वार चालत्या चाकावर हातमोज्याचा तळवा हलकेच टेकवून कांच वा खडा झाडून टाकीत. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या हातांत जे मोजे दिसत, त्यांचा तळवा चामड्याचा, पाठ विणलेल्या जाळीची आणि बोटें अर्धी असत. धक्का तेथें कातडें, वारा तेथें जाळी, आणि ब्रेक दाबावयाचा तेथें उघडें बोट. ज्याघातवारणाचें तत्त्व हेंच होतें.

हातमोज्याला त्याच्या शक्तीबाहेरचें श्रेय देण्याचें मात्र कारण नाहीं. हातावर पडून हाड मोडावयाचें तर तें मोज्यांतही मोडतें. बैठक पुढें कललेली असेल तर सगळा भार हातांवर येतो आणि कितीही जाड गादी त्याला पुरत नाहीं. फार जाड गादीमुळें उलट मूठ अधिक आवळावी लागते. म्हणून आधीं बैठक सपाट करावी, दांडा आपल्या उंचीस जुळवावा, दर थोड्या वेळानें हातांची जागा बदलावी. मग मोजा घालावा. एवढें करूनही बोटें बधिरच राहिलीं, तर डॉक्टरांना दाखवावें.

या वाटेचें चौपदरीकरण करून तिला राष्ट्रीय महामार्गाचें रूप देण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ च्या नोव्हेंबरांत झाली. रुंद रस्त्यांवर सायकलींचे पल्ले वाढतील, तसे हातही अधिक राबतील. माळशिरस तालुक्यांत १९३२ सालच्या सासवड माळी कारखान्यापासून साखरेचें राज्य उभें आहे. तेथल्या फडांत उसाच्या पानांची करवत तोडणीवाल्याचे हात रोज चिरते. त्यांतला कोणी हाताला चिंधी गुंडाळतो, तेव्हां त्याला कोणी शौकीन म्हणत नाहीं. त्याचा हात त्याची भाकरी आहे, हें सर्वांना दिसतें. सायकलीवर रोज दहा-वीस किलोमीटर कामावर जाणाऱ्याचा हातही तसाच आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी लांबच्या सायकलफेरीस निघाली, तर डबा व पाण्याची बाटली देतांना हातमोज्यांचीही आठवण करावी. आपल्या पूर्वजांनीं ढालीमागें गादी शिवली ती याच हिशेबानें.