वाळ्यावरील क्रमांक : पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा इतिहास आणि वऱ्हाड

अकोल्याजवळील कापशी तलाव किंवा अमरावती जिल्ह्यातील ऊर्ध्व वर्धा जलाशय येथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. त्यांत बदके असतात, क्वचित कुरवही. ते नेमके कोठून आले हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही. त्यासाठी पक्ष्याच्या पायात क्रमांकित वाळे असावे लागते. ही पद्धत १८९९ मध्ये डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग येथील शिक्षक मॉर्टेन्सन यांनी सुरू केली.

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ च्या सुमारास धार संस्थानात बदकांना वाळी घालण्यास प्रारंभ केला. त्या काळी वाळे परत मिळत असे ते बहुधा शिकाऱ्याच्या बंदुकीमुळे. ‘मुंबईस कळवा’ या आशयाचा इंग्रजी मजकूर वाळ्यावर कोरलेला असे. पण तो वाचून पत्र लिहिणारा भेटला नाही, तर पक्ष्याचा प्रवास कायमचा हरवे. ज्ञानासाठी पक्ष्याचा मृत्यू आवश्यक ठरावा, हा या पद्धतीतील मोठाच विरोधाभास होय.

पुढे या कार्यास वेगळेच वळण लागले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलज्वर आढळला. त्याचा विषाणू रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचा असल्याने स्थलांतरित पक्ष्यांनी तो गोचिडांबरोबर आणला असावा, अशी शंका घेतली गेली. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अली यांनी व्यापक वाळी-मोहीम हाती घेतली. नंतर या कामास अमेरिकी लष्कराकडून मिळालेल्या पैशावरून सत्तरच्या दशकात वाद उद्भवला. निधीचा तो डाग मोजणीच्या नोंदींवर लावणे मात्र अन्यायाचे ठरेल.

कुरवांच्या बाबतीत पिलांना घरट्यातच वाळे घालण्याचे महत्त्व विशेष आहे. अशा पक्ष्याचे जन्मस्थान व जन्मवर्ष निश्चित असते. मोठ्या कुरवास प्रौढ पिसारा येण्यास सुमारे चार वर्षे लागतात. तोवर पिसाऱ्यावरून ओळख फसते, क्रमांकावरून नाही. रंगीत वाळी दुर्बिणीतून वाचता येऊ लागल्यापासून तर एकाच पक्ष्याच्या अनेक नोंदी जिवंतपणी मिळतात.

वऱ्हाडातील तलावावर मासेमारी करणाऱ्याने वा शेतकऱ्याने असे वाळे पाहिले, तर रंग, अक्षरे, पाय डावा की उजवा, ठिकाण व तारीख एवढे टिपून ते सोसायटीस कळविणे पुरेसे आहे. १९२७ मध्ये यासाठी गोळी झाडावी लागे.