नागिणीची वाट

नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस संपला, असे पेडण्यात म्हणतात, डिचोलीत म्हणतात आणि सीमा ओलांडून सावंतवाडीत गेलात तर तिथेही म्हणतात. पाठीच्या कण्याशी फोडांची ओळ उठते, बरगडीच्या तिरप्या रेषेने काखेखालून सरकते आणि छातीवर उतरते. घरातली म्हातारी माणसे रोज सकाळी सदरा वर करून विळखा कुठवर आला ते पाहतात. कोणी पुढ्यात गेरूची रेघ ओढून तिची वाट अडवते. आणि नागीण खरोखरच थांबते. त्यात गेरूचे श्रेय काही नाही. छातीच्या मध्यरेषेशी तिची वाटच संपलेली असते.

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू अंग सोडून जात नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक मज्जातंतूच्या मुळाशी पेशींची एक गाठ असते. तिच्यात तो वर्षानुवर्षे पडून राहतो. वय झाले, अंगातली ताकद उतरली की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि तिथल्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तो तंतू जिथे संपतो तिथे फोड संपतात. उजव्या अंगाचा तंतू डावीकडे जात नाही, म्हणून तोंड शेपटीला मिळत नाही. फोड काही आठवड्यांत सुकतात, पण उतारवयातल्या अनेकांच्या त्याच पट्ट्यातली आग महिनोन्‌महिने जात नाही. सदऱ्याचे कापड टेकले तरी जीव कळवळतो.

छातीची वेदना अशी पट्ट्यापट्ट्याने चालते, हे माणसाच्या ध्यानात आणून देण्यात या नागिणीचा मोठा वाटा आहे. लंडनमधले हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल यांनी नागीण झालेल्या २१ मृतांच्या मज्जातंतूंच्या गाठी तपासल्या. कुठली गाठ बिघडली की फोड कुठल्या पट्ट्यात येतात, याचा मेळ त्यांनी घातला आणि १९०० साली तो छापला. त्यातून अंगाचा एक नकाशा पुढे आला. छातीच्या बारा जोड्यांपैकी चौथ्या तंतूचा पट्टा स्तनाग्रांच्या पातळीवर येतो, दहाव्याचा बेंबीवर. आज बरगड्या मोडलेल्या माणसाच्या पाठीत भूलतज्ज्ञ सुई घालतो ती अशाच नकाशाच्या आधाराने. इस्पितळात त्या उपचाराला नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचीच ही कुळकथा.

देणारा भूलतज्ज्ञ असला तरी या कुळात ‘भूल’ हा शब्द थोडा सावत्रच आहे. रानात वाट चुकली तरी भूल, मन मोहात पडले तरी भूल, आणि शस्त्रक्रियेआधी शुद्ध घालवली तर तीही भूल. वेदना जावी म्हणून अख्खा माणूसच काही वेळ हरवून टाकायचा, हा त्या शब्दामागचा विचार. गोव्याला तो जुना ओळखीचा आहे. १५३४ साली इथे आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या औषधींवरच्या संवादग्रंथात अफूचीही चर्चा केली आणि धोतऱ्याचीही. धोतरा खाऊ घालून माणसाला भ्रमिष्ट करायचे आणि घर लुटायचे, हा चोरांचा उद्योग त्याला ठाऊक होता. दोनशे वर्षांनी, १७५६ साली, कांदोळीत आबे फारिया जन्मला. त्याच्या वडिलांचे गाव कोलवाळ, म्हणजे नदी उतरली की पलीकडे पेडणे. हा पाद्री पुढे पॅरिसमध्ये नुसत्या शब्दांनी माणसांना झोपवू लागला. पणजीतला त्याचा पुतळा सगळ्यांनी पाहिलेला आहे: कोसळत चाललेली बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा फारिया. अफू असो, धोतरा असो की फारियाचा शब्द, तिघांचाही अंमल मेंदूवर.

ब्लॉक मेंदूला हातच लावत नाही. माणूस जागा असतो, नातलगांशी बोलतो, चहा मागतो. बरगड्या ओरडत असतात, पण ते ओरडणे वर पोचत नाही. अशा वेळी मराठी माणूस ‘भाग बधिर केला’ म्हणतो. बधिर म्हणजे बहिरा. या कुळाचे खरे आडनाव हेच.

मूळपुरुष शोधायला व्हिएन्नाला जावे लागते. १८८४ साली कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब डोळ्यात घातले आणि डोळ्याला टाचणी लावली तरी कळत नाही, हे दाखवून दिले. पृष्ठभाग बधिर होतो तर खालचा तंतू का होणार नाही? काही महिन्यांतच न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेडने कोकेन सुईने थेट तंतूपाशी सोडून पाहिले आणि तंतूच्या पुढचा सगळा भाग बधिर झाला. ब्लॉक जन्मला तो असा. हे प्रयोग हॉल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरही केले, आणि त्यात हॉल्स्टेड व्यसनात सापडला. कोकेनच्या जागी निर्धोक औषध हवे, ही गरज तिथूनच तीव्र झाली. १९०४ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्नने नोव्होकेन बनवले. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने आज दाताच्या डॉक्टरकडे आपण सगळेच घेतो ते लिग्नोकेन बनवले. १९५७ मध्ये बुपिव्हाकेन आले. त्याचा असर कितीतरी जास्त वेळ टिकतो, म्हणून छातीच्या ब्लॉकला ते सोयीचे पडले.

औषध मिळाले, आता प्रश्न उरला सुई कुठे घालायची हा. पुढची शंभर वर्षे याच प्रश्नात गेली.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खोबण असते. तिच्यात वर शीर, मधे धमनी आणि खाली तंतू अशी तीन भावंडे एकाखाली एक धावतात. सुरुवातीच्या डॉक्टरांनी सरळ तिथेच नेम धरला. बोटाने बरगडी चाचपायची, सुई हाडाला टेकवायची, मग कडेवरून किंचित खाली घसरवून औषध सोडायचे. पद्धत देखणी, पण त्या कडेपासून फुप्फुसाचे आवरण काही मिलिमीटरच आत. हात जरा पुढे गेला की आवरणाला छिद्र पडून छातीत हवा शिरते. शिवाय सहा बरगड्या मोडल्या असतील तर सहा ठिकाणी टोचायचे. त्यातही या जागेतून औषध रक्तात फार झपाट्याने जाते. प्रमाण वाढले तर झटके येऊ शकतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

तेव्हा सुई मागे सरली. १९०५ साली जर्मनीत ह्यूगो झेलहाइमने ती कण्याच्या शेजारी, तंतू मणक्यांमधून बाहेर पडतो त्या कोपऱ्यात नेली. तिथे एका टोचण्यात वरखालचे दोनचार पट्टे शांत होऊ शकत. पुढे पूर्ण भूल देण्याचे शास्त्र सुधारत गेले आणि ही पद्धत अडगळीत पडली. १९७९ मध्ये ईसन आणि वायट या दोघांनी तिची फेरतपासणी करून ती पुन्हा बाहेर काढली, तोवर सत्तर वर्षे उलटून गेली होती.

मधल्या काळात सुई आणखी एक पाऊल सरकून कण्याच्या नळीतच शिरली होती. १९२१ मध्ये फिदेल पाहेस या स्पॅनिश लष्करी सर्जनने मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत औषध सोडण्याची रीत लिहिली. आपण तिला एपिड्युरल म्हणतो. त्याने तिला दिलेल्या नावाचा अर्थच ‘पट्ट्यापट्ट्याने बधिर करणे’ असा होता. लेख स्पॅनिशमध्ये, बाकीच्या युरोपने तो वाचला नाही. १९२३ मध्ये पाहेस मोटार अपघातात गेला. दहाएक वर्षांनी इटलीच्या दोग्लिओत्तीने तीच रीत नव्याने मांडली आणि जगभर नाव त्याचे झाले. बरगड्या मोडलेल्यांसाठी एपिड्युरल पुढे कितीतरी वर्षे पहिल्या पसंतीची राहिली. तिच्या अटी मात्र कडक. रक्तदाब घसरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नळीत रक्तस्राव होण्याची भीती असते. आणि बरगड्या मोडलेल्या साठीपुढच्या माणसाला त्याच गोळ्या चालू असण्याचा संभव मोठा.

मग सुईला डोळे आले. १९९४ मध्ये व्हिएन्नातच, कोलरच्याच गावी, श्टेफान काप्राल आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत खांद्याजवळच्या तंतूंपाशी औषध सोडले. आतापर्यंत बोटाने चाचपून आणि अंदाजाने घातलेली सुई आता दिसू लागली. स्नायूंचे थर दिसू लागले, थरांमधली पातळ रेघ दिसू लागली, त्या रेघेत औषध शिरून दोन थर अलग होताना दिसू लागले. यातून एक नवा विचार निघाला: तंतूवर नेमच कशाला धरायचा? ज्या थरातून तंतू जातो त्यात औषध सोडावे, ते आपले आपण पसरेल. राफाएल ब्लांको यांनी २०११ मध्ये छातीच्या पुढच्या स्नायूंमधला आणि २०१३ मध्ये काखेखालच्या करवतीसारख्या दातेरी स्नायूपाशी द्यायचा ब्लॉक मांडला.

डिचोलीच्या कुळागरात शिंपण पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक पोफळीच्या बुंध्याशी घागर कोणी ओतत नाही. वरच्या अंगाला पाट फोडला की पाणी आळ्याआळ्यातून आपली वाट काढते.

२०१६ साली कॅनडातल्या मॉरिसियो फोरेरो यांनी संजीब अधिकारी, की जिन चिन आदी सहकाऱ्यांसह असाच एक पाट फोडला. त्यांचे पहिले दोन रुग्ण छातीच्या तंतूंच्या आगीने हैराण झालेले होते. एकाच्या बरगड्यांत कर्करोग पसरला होता, दुसऱ्याच्या मोडलेल्या बरगड्या वेड्यावाकड्या जुळल्या होत्या. फोरेरोंनी सुई कण्यापासून थोडी बाजूला, पाठ ताठ ठेवणाऱ्या लांब स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडाच्या टोकावर नेऊन टेकवली आणि तिथे औषध सोडले. एका ठिकाणी टोचून कितीतरी पट्टे शांत झाले. त्या स्नायूच्या आणि त्याच्या थराच्या वैद्यकीय नावाच्या आद्याक्षरांवरून या ब्लॉकला ‘ईएसपी’ म्हणतात.

या जागेची खुबी साधी आहे. सुईच्या पुढ्यात हाड आहे, फुप्फुस त्याच्या पलीकडे. कण्याची नळी दूर. मोठी रक्तवाहिनी जवळ नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी एपिड्युरलइतकी धास्ती नाही. तिथे बारीक नळी ठेवली तर औषध काही दिवस चालू ठेवता येते. औषध तंतूपर्यंत नेमके कसे पोचते, यावर मात्र अजून वाद आहे. मृतदेहांत रंग सोडून पाहिले तर काहींमध्ये तो तंतूंच्या मुळापर्यंत गेला, काहींमध्ये मागच्याच फांद्यांवर थांबला. म्हणून हा ब्लॉक कोणाला पूर्ण लागतो, कोणाला अर्धा. नागिणीच्या जुनाट आगीवरही तो प्रत्येकाला कायमचा आराम देतोच असे नाही.

तरीही बरगड्या मोडलेल्या माणसाला अर्धा आरामही थोडा नसतो. माडावरून पडलेला पाडेली असो की भाड्याच्या दुचाकीवरून घसरलेला पायलट, हाड आपले आपण जुळते. धोका असतो तो श्वासाला. दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ आत साठतो आणि न्यूमोनिया होतो. पूर्वी छातीला घट्ट पट्टे बांधत. त्याने दुखणे कमी होई आणि श्वास आणखी कोंडे. अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या रुग्णांमध्ये मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अफूच्या जातीची औषधे दुखणे मारतात, पण श्वासही मंदावतात. ब्लॉक लागला की माणूस खोल श्वास घेतो आणि मोकळा खोकतो. खरे औषध तो खोकला.

पेडण्याहून बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) जायचे तर शापोरा आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडायच्या. डिचोलीकरालाही मांडवी चुकत नाही. मोडलेल्या बरगड्यांनी रुग्णवाहिकेत पडलेला माणूस वाटेतला प्रत्येक खड्डा मोजतो. ज्या गोमेकॉत तो पोचतो त्याचे मूळ १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत आहे. ती उघडली तेव्हा बोस्टनमधली ईथरची पहिली जाहीर शस्त्रक्रियासुद्धा व्हायची होती. कण्याच्या नळीत शिरणारी सुई मोठ्या इस्पितळाबाहेर सहसा पडत नाही. हाडावर टेकणारी सुई पडू शकते. शिकलेला हात, सोनोग्राफीचे यंत्र, ठोका आणि श्वास यांच्यावर नजर ठेवण्याची सोय आणि औषध रक्तात भिनलेच तर शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण, एवढे जवळ असेल तर हा ब्लॉक तालुक्याच्या इस्पितळातही देता येतो, नद्या ओलांडण्याआधी.

गेरूची रेघ ओढणाऱ्या म्हातारीला वेदनेला वाट असते हे कळले होते, आणि वाट अडवता येते हा तिचा भरवसाही खोटा नव्हता. तिची जागा तेवढी चुकली. ती रेघ ओढायची नागिणीच्या तोंडापुढे. शंभर वर्षे मागे मागे सरत गेलेली सुई शेवटी जाऊन बसली ती शेपटीवर.