शिवनेरीचं पाणी, शिवनेरीचं धान्य आणि आमची फजिती

किल्ला म्हटलं की माणूस तट, बुरूज, तोफा बघत सुटतो. शेतकऱ्यानं गडावर गेल्यावर आधी दोनच गोष्टी शोधाव्यात असं माझं मत आहे. पाणी कुठं साठवलंय आणि दाणा कुठं साठवलाय. तलवार नंतर.

हे माझ्या पदरचं नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं, त्यात दुर्गाच्या प्रकरणात हेच आहे. गड बांधायच्या आधी पाणी बघावं. पाणी नाही आणि जागा तर सोडण्यासारखी नाही, असं असेल तर खडक फोडून टाकी करावीत. झरा असला तरी त्या एकट्यावर भिस्त ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरा आटू शकतो. म्हणून साठवणीचं पाणी वेगळं राखावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आहे, आणि आपण अजून एका बोअरच्या भरवशावर दोन एकर डाळिंब लावतो.

शिवनेरीवर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. जुन्नर शहराला लागूनच हा डोंगर. छत्रपती शिवरायांचा जन्म इथला, १९ फेब्रुवारी १६३०. पण टाकी त्याच्याही दीड हजार वर्षं आधीची परंपरा सांगतात. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी माल जुन्नरवरून जायचा. त्या पैशावर आजूबाजूच्या डोंगरांत लेणी कोरली गेली, शिवनेरीच्या कड्यातही आहेत. लेणं कोरलं की शेजारी पाण्याचं टाकं कोरायचंच. शिलालेखात त्याला ‘पोढी’ म्हटलंय. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्यांच्या संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दान दिल्याची नोंद आहे. आडत्यांनी पाण्याचं टाकं बांधून दिलं! हे वाचून आमच्यातला एकजण म्हणाला, “आता फक्त वजनकाट्यातली कटती देत्यात.”

आमच्यातला म्हणजे आमची अकरा जणांची टोळी, पारनेर तालुक्यातली. डिसेंबरात कांदा लागवड उरकली, गव्हाला पहिलं पाणी झालं, तेव्हा एक दिवस काढला. पहाटे पाचला निघायचं ठरलं. पण थ्री फेज रात्री दोनला आली, दोघंजण पहाटेपर्यंत दारं धरत होते, त्यामुळं सात इथंच वाजले. आणे घाटात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा दिसायचा. घाट उतरतो न उतरतो तोच टायर पंक्चर. जॅक लावला तर तो ओल्या मातीत रुतायला लागला. शेवटी रस्त्याकडेच्या शेतातल्या भल्या माणसानं फळकूट आणून दिलं, वर चहाही पाजला. पायथ्याला पोचायला साडेअकरा.

पुढची गंमत दरवाजांत. शिवनेरीला एकामागून एक सात दरवाजे आहेत. शत्रू पहिला फोडून आत आला तरी वळणावळणानं पुन्हा अडायचा, अशी रचना. आम्हाला मात्र वानरांनीच अडवलं. बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा आणि कांद्याची चटणी बांधलेलं फडकं एका दांडग्या वानरानं असं उचललं की सात दरवाजे त्याच्या बापाचेच. ठेचा खाल्ल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असेल, पण तो तटापलीकडं गेला. थोडं वर चढतो तोच वीस लिटरचा पाण्याचा जार पायरीवर आपटून फुटला. त्यात एकाच्या बुटाचा तळ निघाला. पिशवीत ठिबकच्या नळीचा तुकडा होता, त्यानं आवळून बांधला, आणि सांगायला हरकत नाही, तो संध्याकाळपर्यंत टिकला.

मग मधमाश्या. कड्याला आग्या मोहोळं आहेत. वरच्या अंगाला कुणीतरी काहीतरी पेटवलं असावं, एकदम घोंगावणं सुरू झालं. ज्याला जे मिळालं ते, शाल, टॉवेल, रिकामी गोणी, अंगावर ओढून आम्ही पायऱ्यांवर अर्धा तास मुकाट बसलो. दोघांना चावल्या, एकाचा कान वांग्याएवढा झाला. पळाला नाही कोणी, म्हणून निभावलं.

म्हणजे भाकरी गेली, पाणी गेलं, आणि दुपारचे दोन वाजलेले. तिथून गंगा-जमुना टाक्यांपाशी पोचलो. बारमाही जिवंत पाणी. ओंजळीनं प्यायलो. फ्रिजपेक्षा गार.

त्या टाक्यांजवळ बसूनच मी हिशोब मांडला. गडावर पाच हजार माणूस धरा, माणशी रोज पाच लिटर. दिवसाला पंचवीस हजार लिटर. पावसाळा सोडून आठ महिने, म्हणजे साठ लाख लिटर. आपल्या ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण बावीस लाख लिटर मावतं. म्हणजे तीन शेततळ्यांचा मामला, तोही फक्त पिण्या-रांधण्यापुरता. फरक एवढाच की आपलं शेततळं उघडं. एप्रिल-मे मध्ये रोज आठ मिलिमीटर पाणी उडालं तर ९०० चौरस मीटरवरून दिवसाला सात हजार लिटर हवेत जातं. कोरलेलं टाकं खडकाच्या पोटात असतं, तोंड लहान, वर दगडाचं छप्पर. ऊन लागत नाही, म्हणून शेवाळही कमी. अखंड काळा पाषाण गळत नाही, मग प्लास्टिक अंथरायची गरज काय?

आणि हे पाणी कोणत्या काळात कामाला आलं ते आठवा. शिवराय पाळण्यात असताना, १६३० मध्ये, पाऊस रुसला. दख्खन आणि गुजरात होरपळले. पुढच्या वर्षी अतिवृष्टीनं उरलंसुरलं नेलं. शाहजहानच्या दरबारी बखरकारानं, लाहोरीनं, या दुष्काळाचं वर्णन केलंय ते जेवताना वाचवत नाही. देहूच्या तुकोबांचा धंदा याच काळात बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यात पुणं आदिलशाही फौजेनं जाळून गाढवाचा नांगर फिरवलेला. आपण शिवजन्माचा पाळणा बघून येतो, पण त्या पाळण्याखालचा मुलूख कसा होता हे कोणी बोलत नाही. गडावरच्या कोठारातला दाणाही याच खालच्या रयतेच्या खळ्यावरून गेलेला.

त्या कोठाराची, म्हणजे अंबारखान्याची, दगडी इमारत अजून उभी आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांना निजामशाहीचे किल्ले सोडावे लागले, शिवनेरी मोगलांकडं गेला. १६५७ मध्ये शिवरायांनी रात्रीत दोरीच्या शिड्या लावून जुन्नर शहर लुटलं, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. गड मात्र त्यांच्या हयातीत हाती आला नाही. पुढं इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर इथं मोगल अंमलदारांकडं आला होता. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री आहे, असं त्यानं लिहून ठेवलं.

परतीच्या वाटेवर सगळी चर्चा या सात वर्षांचीच. बॅटरी बसली म्हणून जुन्नरच्या स्टँडमागं टेम्पो ढकलत होतो तेव्हाही थांबली नाही. घरटी पाच माणसं, माणशी अर्धा किलो, म्हणजे रोजचे पंचवीस क्विंटल. वर्षाला नऊ हजारांवर, सात वर्षांचे जवळपास चौसष्ट हजार क्विंटल! एवढा दाणा कुठल्या कोठारात मावणार, असं एकाचं म्हणणं. मला वाटतं किल्लेदारानं गोऱ्या पाहुण्यासमोर जरा रुबाब केला असणार. शिवाय सोंडा किडा काय सात वर्षं उपास करणार?

पण आमच्यातले एक अण्णा ऐकेनात. त्यांचं आजोळ अकोल्याच्या डोंगरातलं. ते म्हणाले, गहू-बाजरी कोण ठेवतं, साळ तुसासकट ठेवायची आणि नाचणी ठेवायची. नाचणीचा दाणा इतका बारीक की किड्याला आत शिरायला जागाच नाही. नीट वाळवून, शेणानं लिंपलेल्या कणगीत भरली तर वर्षानुवर्षं हलत नाही. यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण हे खरं आहे.

जुन्नर-आंबेगाव-अकोले पट्ट्यातले कोणी वाचत असतील तर सांगा, तुमच्याकडं कणगीत नाचणी जास्तीत जास्त किती वर्षं ठेवलेली पाहिलीत, आणि ती पेरल्यावर उगवली का?