गोळीवेगमापन
बंदुकीच्या गोळीचा वेग ठरविण्याच्या पद्धती. या कामी वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म कालमापकास क्रोनोग्राफ म्हणतात. गोळीच्या मार्गात ज्ञात अंतरावर दोन पडदे ठेवून त्यांमधील अंतर कापण्यास लागलेला काल मोजतात. अंतरास कालाने भागले असता सरासरी वेग मिळतो. पल्ल्याची कोष्टके व काडतुसांच्या नव्या साठ्याची स्वीकृती या वेगावर अवलंबून असते.

इतिहास : इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) यांनी १७४२ मध्ये क्षेपण लंबकाचे वर्णन प्रसिद्ध केले. जड लंबकात गोळी रुतल्यावर त्याच्या झोक्यावरून वेग काढला जाई. हवेचा रोध समजुतीपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे त्यावरून दिसून आले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत आले व कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियन तोफखान्यातील अधिकारी ल बुलांझे यांचा कालमापक सर्वत्र रूढ झाला. पहिल्या पडद्याची तार तुटताच विद्युत् चुंबकाने धरलेला लांब दांडा पडू लागतो. दुसरी तार तुटताच आखूड दांडा पडून एक पाते सुटते व ते लांब दांड्यावर खूण करते. खुणेच्या उंचीवरून पतनकाल कळतो. मात्र चुंबक व पाते यांनाही काही वेळ लागतो. म्हणून दोन्ही मंडले एकाच वेळी तोडून हा विलंब आधी मोजतात (तो सामान्यतः ०·१५ सेकंद ठेवीत) आणि मोजलेल्या कालातून वजा करतात.

अचूकता व परिशुद्धता : मापन खऱ्या मूल्याच्या जवळ असणे ही अचूकता, तर पुनःपुन्हा तेच मूल्य मिळणे ही परिशुद्धता होय. इलेक्ट्रॉनिक गणित्रे व प्रकाशविद्युत् पडदे यांमुळे परिशुद्धता पुष्कळ वाढली. सेकंदाला ९०० मी. वेगाची गोळी २ मी. अंतर सु. २,२२२ मायक्रोसेकंदांत कापते. १ मायक्रोसेकंदाच्या चुकीने वेगात केवळ ०·४ मी. फरक पडतो. पण पडद्यांमधील अंतर ५ मिमी. चुकल्यास तो २ मी.हून अधिक होतो. ही चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेने होत असल्याने अनेक फैरींची सरासरी काढूनही ती जात नाही. अंतर वाढविल्यास चूक घटते. परंतु वाटेत गोळी मंदावत असल्याने नळीच्या तोंडाशी असलेला वेग हिशोबाने काढावा लागतो. काडतुसाकाडतुसांमधील खरा फरक आणि उपकरणाची चूक वेगळी करण्यासाठी एकाच गोळीच्या मार्गात दोन कालमापक लावतात. डॉप्लर रडारने पडद्यांवाचून वेग मिळतो.

महाराष्ट्रात खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने ५·५६ मिमी. इन्सास रायफलीचा आराखडा तयार केला. अशा शस्त्रांच्या बाबतीत मापकाची अलक्षित चूक महागात पडते : चांगला साठा नाकारला जातो किंवा सदोष साठा सैनिकाच्या हाती पडतो. म्हणून आकडा किती दशांशांपर्यंत वाचता येतो यापेक्षा मापकाची पडताळणी कशी केली आहे, याला अधिक महत्त्व आहे.